प्रश्न वाचकांचे : परदेशातल्या रानात कामाला जाताना

मागच्या अंकात मी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एका रोपवाटिकेत केलेल्या दोन आठवड्यांच्या कामाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे : आम्हालाही असे काम करायला जायचे आहे, पण खरे कोणते आणि दिखाऊ कोणते, हे ओळखायचे कसे? काही पत्रे रागावलेलीही आहेत आणि त्यांतला राग मला सगळाच अनाठायी वाटत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावे वगळली आहेत.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. दक्षिण आफ्रिकेत चार आठवडे ‘वन्यजीव संवर्धन स्वयंसेवक’ म्हणून सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजण्याचे काम एका कंपनीने देऊ केले आहे. शुल्क सव्वादोन लाख रुपये, विमानभाडे वेगळे. घरचे तयार आहेत. जावे का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

जाऊ नये. सिंहाचे पिल्लू आईपासून तोडल्याशिवाय माणसाच्या हातातल्या बाटलीपाशी येत नाही. दक्षिण आफ्रिकेत सिंहांची पैदास करणारे खासगी व्यवसाय आहेत आणि तेथे कोंडलेल्या सिंहांची संख्या 8,000 ते 12,000 असावी, असे अंदाज आहेत. त्या देशातील मोकळ्या रानात राहणाऱ्या सिंहांपेक्षा ती कितीतरी अधिक आहे. पिल्ले लवकर काढून घेतली की सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते, आणि त्या पिल्लांना सांभाळण्यासाठी तुमच्यासारखी मुले उलट पैसे मोजतात. गड्याला मजुरी देण्याऐवजी गड्याकडूनच पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेला सिंह पुढे रानात सोडता येत नाही, त्यामुळे मोठा झाल्यावर त्याच्या वाट्याला कुंपणाच्या आतली शिकार किंवा हाडांचा व्यापार येतो. 2024 मध्ये तेथील मंत्रिमंडळाने या व्यवसायातून लोकांना स्वेच्छेने बाहेर काढण्याच्या शिफारशी मान्य केल्या आहेत. ज्या धंद्यातून तो देशच बाहेर पडू पाहतो आहे, त्यात तुमचे सव्वादोन लाख घालण्याचे कारण नाही.

तुमचा प्रश्न मात्र एका जाहिरातीपुरता नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. एखादा प्रकल्प खरा आहे की नाही, हे पाहताना मी प्राण्यांपासून सुरुवात करीत नाही, कामापासून करते. तुम्ही गेला नाहीत तर ते काम कोण करणार, हे आधी विचारावे. पगारी माणसे, स्थानिक गावकरी आणि वर्षभर येणारे स्वयंसेवक मिळून जे काम करीतच आहेत, त्यात तुमचे दोन हात वाढणार असतील, तर तो प्रकल्प बहुधा ठीक असतो. तुम्ही आलात म्हणून काम निघाले असेल, तर ते काम नव्हे, करमणूक आहे. त्यानंतर, तुम्ही निघून गेल्यावर त्या कामाची नोंद कोण ठेवतो, हे विचारावे. लावलेल्या झाडांपैकी तीन वर्षांनी किती जगली, हा एक साधा प्रश्न ई-मेलने पाठवून पाहा. ज्यांच्याकडे उत्तर असते, ते ‘अमुक उतारावरची बरीचशी गेली’ असेही मोकळेपणाने कळवतात, आणि असे कळवणाऱ्यांवर माझा अधिक विश्वास बसतो.

झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे, अशी आपली पक्की समजूत असल्यामुळे येथे फसगत सर्वांत सहज होते. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अनेक संस्थांनी मोठ्या उत्साहाने कांदळवनाची रोपे लावली. त्यांतील फार मोठा भाग तगला नाही, कारण भरतीचे पाणी किती वेळ राहते, जागा कोणत्या जातीच्या रोपांना मानवते आणि मुळात तेथे पूर्वी कांदळवन होते का, हे न पाहताच चिखल दिसेल तेथे रोपे खोचली गेली. खोचणाऱ्यांची छायाचित्रे मात्र छान निघाली असणार. अशा ठिकाणी आधी पाण्याची वाट मोकळी करून दिली, तर बिया पाण्याबरोबर येऊन आपोआप रुजतात. पण पाण्याची वाट मोकळी करण्याच्या कामाला चिखलात कंबरेपर्यंत उभे राहावे लागते आणि त्याची जाहिरात होत नाही.

याउलट मी जेथे काम केले, तेथील दिनक्रम सांगते. स्कॉटलंडमध्ये लॉक नेस सरोवरापासून फार दूर नसलेल्या डंड्रेगन येथे ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेने 2008 मध्ये सुमारे 4,000 हेक्टरांची जमीन विकत घेतली. पूर्वीच्या कॅलेडोनियन अरण्याचे अगदी थोडे तुकडे त्या प्रदेशात उरले आहेत, आणि हरणांची संख्या इतकी वाढली आहे की उगवलेले प्रत्येक रोप वीतभर होण्याआधी खाल्ले जाते. त्या अरण्यातले अ‍ॅस्पेन हे झाड तेथे क्वचितच बी धरते, म्हणून त्याच्या मुळांचे तुकडे मातीच्या ट्रेमध्ये निजवून ठेवतात, त्यांवर कोंब फुटले की ते अलगद कापून पुन्हा रुजवतात, आणि मग एकेक रोप वेगळ्या कुंडीत बसवतात. मी तेथे मुख्यतः कुंड्यांतले तण काढले. दिवसाला काही शे कुंड्या होत. एकही हरीण मी जवळून पाहिले नाही, पण ‘मिज’ नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांची मात्र चांगलीच ओळख झाली. असे कंटाळवाणे वर्णन जो प्रकल्प स्वतःहून देतो, तेथे जरूर जावे.

पर्यटक व्हिसावर जाऊन महिनाभर काम केले तर कोणाला कळते? मित्र म्हणतो, पगार नसला म्हणजे ते कायद्याने काम नव्हेच.
— सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारे एक वाचक, वय 27, बाणेर

मित्राचे म्हणणे अनेक देशांत चुकीचे ठरेल. न्यूझीलंडमध्ये केलेल्या श्रमाच्या बदल्यात फुकट राहणे-जेवण मिळाले, तरी तो मोबदला धरतात आणि त्यासाठी काम करण्याची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलिया थोडी सवलत देते : सहलीसाठी गेलेल्या माणसाने जाता जाता खरीखुरी विनावेतन सेवा केली आणि एरवी पगार देऊन स्थानिक माणसाकडून करून घेतले असते असे ते काम नसले, तर भेटीच्या व्हिसावर ते चालते. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच आणि तीही प्रवासाचा मुख्य हेतू वेगळा असेल तरच. केवळ त्याच कामासाठी जायचे असेल, तर ‘चॅरिटी वर्कर’ नावाचा वेगळा व्हिसा आहे; तो जास्तीत जास्त वर्षभराचा असतो, त्यासाठी परवाना असलेल्या संस्थेने तुम्हाला पुरस्कृत करावे लागते, आणि त्यावर काम करताना पगार घेता येत नाही.

कोणाला कळते, असे आपण विचारता. विमानतळावरचा अधिकारी बॅगेतले गमबूट, हातमोजे आणि मोबाईलमधला संस्थेचा पत्रव्यवहार पाहतो, आणि त्याला कळते. खोटे बोलून परत पाठवले गेलात, तर तो शिक्का पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात तुमच्या आधी पोचतो.

आपले वय 27 आहे, म्हणून आणखी दोन वाटा सांगते. 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाने 2024 पासून ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला केला असून वर्षाला 1,000 जागांसाठी सोडत निघते. ब्रिटनची ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स’ योजना त्याच वयोगटातील पदवीधरांसाठी 2023 मध्ये सुरू झाली; तिच्यात वर्षाला 3,000 जागा, दोन वर्षांचा मुक्काम आणि खात्यात 2,530 पौंड असल्याचा पुरावा, अशी चौकट आहे. दोन्हींत नोकरीही करता येते आणि सुट्टीच्या दिवसांत निसर्गसंस्थांसाठी कामही. हे नियम आणि आकडे बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरचेच प्रमाण मानावे, एजंटच्या माहितीपत्रकातले नव्हे.

कागदपत्रांच्या ओघात दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे विमा : साध्या प्रवासविम्यात अंगमेहनतीचे काम करताना झालेली इजा पुष्कळदा वगळलेली असते, त्यामुळे विळा, कुऱ्हाड किंवा करवत हाती येणार असेल, तर ते कंपनीला लेखी विचारून घ्यावे. दुसरी म्हणजे पीतज्वराची लस. केनिया, युगांडा, इक्वेडोर अशा देशांतून परतताना भारतात उतरल्यावर तिचा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात; लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते, मात्र एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

आणि बूट धुऊन न्यावेत. ऑकलंडच्या विमानतळावर माझ्या बुटांच्या तळाशी सिंहगडाची तांबडी माती निघाली. मी अर्जात ‘वापरलेले बूट आहेत’ असे लिहिले होते म्हणून वाचले. तेथील माणसाने ते आत नेऊन घासून, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला परत दिले. न लिहिता सापडले असते, तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलरांचा दंड होता. मातीतून येणारा बुरशीसारखा एखादा रोगजंतू जंगल संपवू शकतो, हे त्या देशाने महागात शिकून घेतले आहे.

माझी परिस्थिती बेताची आहे. लाखभर रुपये शुल्क भरणाऱ्यांसाठीच हे आहे का?
— द्वितीय वर्ष बी.एस्सी.चा एक विद्यार्थी, भोर

नाही. ‘वर्ककॅम्प’ नावाची एक जुनी पद्धत आहे, तिची चौकशी करा. निरनिराळ्या देशांतील दहापंधरा जण दोन-तीन आठवडे एकत्र राहतात, स्वयंपाक आळीपाळीने करतात, आणि ओढ्याचा काठ बांधणे, पायवाट दुरुस्त करणे, कुरणातली झुडपे काढणे अशी कामे करतात. नावनोंदणीचे थोडे शुल्क आणि प्रवासखर्च आपला, राहणे-जेवण यजमानांचे. या पद्धतीचा आरंभ पियेर सेरेसोल या स्विस अभियंत्याने 1920 मध्ये केला : पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एका गावात त्याने स्वयंसेवकांची पहिली तुकडी नेली आणि त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. 1934 च्या भूकंपानंतर हाच माणूस बिहारमध्ये गावे पुन्हा वसवायला येऊन राहिला होता. त्याच्या संस्थेची भारतातही शाखा आहे. विमानभाड्याची तजवीज मात्र करावी लागेल आणि ती लहान रक्कम नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिला कॅम्प भारतातच करावा, असे मी सुचवीन. परदेशी मुले त्यात भेटतातच, आणि चुलीपाशी मोडकेतोडके इंग्रजी बोलण्याची भीती तेथेच जाते.

मुलगी कोस्टा रिकाला सागरी कासवांच्या कामासाठी जायचे म्हणते. रात्री बारा वाजता समुद्रकिनाऱ्यावर चालावे लागते, असे तिनेच सांगितले. मला झोप येत नाही. तिला कसे समजवावे?
— एक आई, सहकारनगर

ताई, समजवण्याआधी काम काय असते, ते पाहू. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाची जागा आहे. तेथे 1959 पासून कासवांचा सलग अभ्यास चालू आहे आणि पश्चिम गोलार्धातील हिरव्या कासवांची ती सर्वांत महत्त्वाची विणीची जागा मानली जाते. कासविणी रात्रीच वर येतात, म्हणून गस्तही रात्रीच असते. तीन-चार जणांची तुकडी एका अनुभवी प्रमुखाच्या मागे, गडद कपडे घालून, विजेरी न लावता चालते. अगदी गरज पडली तरच तांबडा दिवा. भुसभुशीत वाळूत एका रात्रीत सात-आठ किलोमीटर सहज होतात. कासवीण खड्डा खणताना कोणी हलायचे नाही, कारण त्या वेळी ती बिचकून परत फिरते. अंडी घालू लागली की मात्र तिचे भान हरपल्यासारखे होते, आणि तेव्हा एक जण तिच्या मागे वाळूत पालथा पडून, हातमोजा घातलेला हात खड्ड्यात धरून, पडणारे प्रत्येक अंडे मोजतो. अंडी शंभराच्या आसपास असतात आणि मोजणीचे बटण दाबणारा अंगठा अवघडतो. त्यानंतर पाठीवर फीत टाकून लांबी मोजायची, वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर बसवलेल्या धातूच्या पट्टीचा क्रमांक वाचायचा, वहीत लिहायचे, आणि पुढे चालू लागायचे. एखाद्या रात्री पाऊस पडत असतो आणि एकही कासव येत नाही.

आता आपली काळजी. ती रास्त आहे, पण किनाऱ्यावरच्या अंधाराची नको. तेथे तुकडी असते. काळजी करायची ती राजधानीपासून त्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाची, कारण शेवटचा टप्पा रस्त्याने नव्हे, तर होडीने करावा लागतो. संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा : विमानतळावर घ्यायला कोण येणार, मुली कोठे झोपणार आणि रात्री कोणी आजारी पडल्यास दवाखान्यापर्यंत होडीने किती वेळ लागतो. उत्तर दोन दिवसांत आणि नेमके आले, तर निम्मी काळजी मिटावी. भाषेचे म्हणाल, तर तेथे स्पॅनिशच चालते. आपल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तिने प्राथमिक वर्ग केला, तर गस्तीच्या प्रमुखाशी तिचे चांगले जमेल.

एक सूचना मी तिलाही करीन. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. हिवाळ्यात कासविणी येतात, दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. त्या हंगामात दोघी मिळून चार दिवस तेथे राहून या. वाळूत रात्री चालणे म्हणजे काय, हे तिला कळेल, आणि आपल्याला ते तिच्याबरोबर पाहता येईल.

आपल्या टेकड्या उघड्या पडल्या असताना साहेबाच्या देशात जाऊन झाडे लावण्याचे कौतुक कशाला? आणि विमानाच्या धुराचा हिशेब कोण देणार?
— वेताळ टेकडीवर रोज कॅनने पाणी नेऊन झाडे जगवणारे एक ज्येष्ठ वाचक, एरंडवणे

काका, धुराच्या बाबतीत आपण म्हणता ते मी मान्य करते. मुंबई-लंडन जाण्यायेण्याच्या विमानप्रवासात एका प्रवाशामागे टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सरासरी भारतीय माणसाचा वर्षभराचा आकडा दोन टनांच्या आसपास आहे. पंधरा दिवसांत लावलेल्या रोपांनी तो भरून निघतो, असे सांगणारे लोक आहेत. तो हिशेब मला पटत नाही, कारण रोप वाढायला अनेक वर्षे लागतात आणि धूर आजच सुटतो. म्हणून आठ दिवसांसाठी कोणी समुद्र ओलांडू नये, असेच मी विचारणाऱ्यांना सांगते. जायचे तर दोन-तीन महिन्यांसाठी जावे, किंवा अन्य कारणाने जाणे होणारच असेल तेव्हा हे काम त्याला जोडून घ्यावे.

‘उघड्या टेकड्या’ या शब्दावर मात्र मी अडते. आपल्या टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताचा आणि विरळ झुडपांचा आहे. त्यावर घाईने हिरवळ यावी म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावले गेले. त्याखाली गवत धरत नाही आणि गवतात घरटी करणारे पक्षी तेथून उठतात. बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे आहे, आणि तेथे चिंकारा टिकून आहे तो माळ माळच राहिला म्हणून. आपण ज्या झाडांना पाणी घालता ती कोणती आहेत, हे मला ठाऊक नाही; वड, पळस, मेडशिंगी, बहावा असतील, तर आपल्या कॅनला माझा नमस्कार.

बाहेर जाऊन आलेला माणूस नेमके हेच शिकून येतो, म्हणून मी जाणाऱ्यांना अडवत नाही. ऑकलंडजवळ तिरितिरी मातांगी नावाचे 220 हेक्टरांचे बेट आहे. शेतीसाठी जवळजवळ सफाचट केलेल्या त्या बेटावर 1984 ते 1994 या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी अडीच ते तीन लाख झाडे लावली. इतका उत्साह होता, तरी बेटाचा साधारण 40 टक्के भाग त्यांनी मुद्दाम गवताळ ठेवला, कारण ताकाहे या न उडणाऱ्या पक्ष्याला मोकळे गवत लागते. हात शिवशिवत असताना कुदळ खाली ठेवणे आपल्याला अजून जमलेले नाही.

दुसरे उदाहरण घाणेरीचे. आपल्या सह्याद्रीत जी घाणेरी, म्हणजे टणटणी, जागोजाग माजली आहे, तिनेच गॅलापागोस बेटांवरही उच्छाद मांडला आहे. तेथील बेटांवर घाणेरी, पेरू आणि रानटी ब्लॅकबेरी उपटायला जगभरातून माणसे येतात. एकदा कापून भागत नाही, मुळापासून काढावी लागते, आणि काढलेल्या जागी लगेच स्थानिक झाड उभे केले नाही, तर पुढल्या पावसात ती परत येते. हे काम तेथे सहा आठवडे केलेला तरुण तळजाईवर किंवा ताम्हिणीत निव्वळ कोयता घेऊन जाणार नाही. हीच विद्या पुण्यात राहून शिकायची असेल, तर त्याचीही सोय आहे : प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये स्थापन केलेल्या ‘इकॉलॉजिकल सोसायटी’ने परिसर-पुनरुज्जीवनाचे शिक्षण येथे सुरू केले आणि त्यातून तयार झालेली माणसे आज महाराष्ट्रभर काम करीत आहेत. परदेशी जाण्याआधी हे शिक्षण झाले, तर माणूस तेथे जाऊन बघ्या राहत नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?
— तीन वाचक, तिघेही कोथरूडचे

ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया येथे होत नाहीत. निसर्गसंस्थांच्या मुक्कामांवर स्वयंपाक पुष्कळदा शाकाहारीच असतो. मध्य अमेरिकेत तिन्ही त्रिकाळ भात आणि काळा घेवडा खाण्याची तयारी ठेवावी. मेतकूट आणि भाजणी सीलबंद पाकिटातली न्यावी व विमानतळावर अर्जात लिहावी. घरचे लोणचे नेऊ नये, तेल सांडते.

आम्ही दोघे एप्रिलपासून पाच महिने मुलीकडे मँचेस्टरला जात आहोत. वय 63 आणि 60. मी बँकेतून निवृत्त आहे, हिचे गुडघे अधूनमधून दुखतात. नातवाची शाळा सुरू झाली की दिवसभर करायला काही नसते. आम्हाला अशा कामात कोणी घेईल का?
— एक वाचक, बिबवेवाडी

अवश्य घेतील, आणि आपल्याला व्हिसाचीही अडचण येणार नाही. मुलीकडे राहणे हा आपला मुख्य हेतू आहे, म्हणजे वर सांगितलेली 30 दिवसांची सवलत आपल्यासारख्यांनाच लागू पडते. आठवड्यातून एक दिवस गेलात, तरी पाच महिन्यांत वीस-बावीस दिवस होतात. संस्था नोंदणीकृत आहे का, हे तिच्या नोंदणी क्रमांकावरून धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येते. बँकेत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको.

काम कोणते, तेही सुचवते. मँचेस्टरमधून वाहणाऱ्या मर्सी नदीच्या काठाने उन्हाळ्यात गुलाबी फुलांचे पुरुषभर उंचीचे ताटवे दिसतील. तो हिमालयातला तेरडा. बागेची शोभा म्हणून 1839 मध्ये तो ब्रिटनमध्ये नेला गेला आणि कुंपणाबाहेर पडून नद्यांच्या काठांनी देशभर पसरला. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. तेथे तो पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. दाट वाढून तो खालची स्थानिक झुडपे आणि गवत गुदमरवतो, आणि हिवाळ्यात स्वतः मरून गेल्यावर काठ उघडा पडून माती नदीत जाते. मधमाश्या पाळणाऱ्यांना तो हवासा वाटतो, कारण इतर फुले सरल्यावरही त्यात मध मिळतो; त्यामुळे काठावर एखादे म्हातारे गृहस्थ आपल्याशी वाद घालायला थांबले, तर त्यांचेही थोडे खरे आहे.

हा तेरडा काढायला हत्यार लागत नाही. मुळे उथळ असतात. बुडाशी धरून सरळ वर ओढले की ओल्या मातीतून अख्खे रोप मुळांसकट येते. आपल्याकडे गौरी आणायला तेरडा मुळासकट उपटण्याची रीत अनेक घरांत आहे, तीच पकड. उपटल्यावर सर्वांत खालच्या पेराच्या खाली देठ मोडायचा, नाहीतर ओल्या जमिनीवर पडलेले रोप त्या पेरातून पुन्हा मुळे धरते. मग काठापासून दूर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा जागी ढीग घालायचा. वहिनींना वाकायचे नसेल, तर त्यांनी देठ मोडण्याचे आणि ढिगाचे काम घ्यावे. बहुतेक गटांत ते काम उभ्याने करणारी मंडळी असतातच. ‘स्टिंगिंग नेटल’ नावाची खाजरी वनस्पती तेथे तेरड्याच्या आडोशाला वाढते, म्हणून पूर्ण बाह्या आणि जाड हातमोजे हवेत. बोहरी आळीतून बागकामाचे दोन जोड घेऊन जा, तेथल्यापेक्षा स्वस्त पडतील.

काळ मात्र सांभाळावा लागतो. मे अखेरपासून जुलैपर्यंत, बी धरण्याआधी, हे काम जोरात चालते. एका रोपाला सुमारे 800 बिया येतात आणि जमिनीत त्या साधारण दोन वर्षे जिवंत राहतात, म्हणून एकाच काठावर लागोपाठ दोन-तीन उन्हाळे गट परत परत जातो. पुढच्या वर्षीही मुलीकडे जाणार असाल, तर हे पहिल्याच दिवशी सांगा, त्यांना आनंद होईल. ऑगस्टमध्ये शेंगा पिकू लागल्या की उपटणे थांबवतात, कारण हात लागताच शेंग फुटून बी सात मीटरांपर्यंत उडते. लहानपणी तेरड्याच्या शेंगा चिमटीत धरून फोडण्याची हौस आपण सर्वांनी केली आहे. ती तेथे करू नये, आणि नातवालाही शिकवू नये.